रात्रीच्या गाडीला डबा कशाला?



नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. घराघरांत तिकिटं निघाली असतील. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 24 डिसेंबरचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच काढावं लागलं. ते कुणी काढलं? मुलानं नाहीतर मालकांनी, मोबाईलवर, दहा मिनिटांत. तिकीट हातात आलं की त्यांची प्रवासाची तयारी संपली. तुमची मात्र तिथून सुरू झाली.

आज मला जे सांगायचं आहे ते काहीजणींना आवडणार नाही. तरी सांगते. एका रात्रीच्या स्लीपरच्या प्रवासाला डबा करायचा नाही. 'थोडासाच करू' असंसुद्धा नाही. करायचाच नाही.

लगेच भुवया वर गेल्या असतील. "जैनाची बाई असून ही आपल्याला बाहेरचं खायला सांगते की काय?" अजिबात नाही. आपण जैन आहोत म्हणूनच हे सांगते आहे. घड्याळ घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब मांडा. 1981 सालची का होईना, मी बी.कॉम. आहे.

आमच्या कोल्हापूर-सांगली भागातली रोजची गाडी घेऊ, महालक्ष्मी एक्सप्रेस. कोल्हापुरातून ती रात्री नऊच्या आगेमागे सुटते, मिरजेला दहाच्या सुमाराला येते आणि सकाळी सातच्या पुढे मुंबईत पोचते. डिसेंबरच्या अखेरीला आपल्याकडे सूर्य मावळतो सहा वाजून पाच-सात मिनिटांनी. मुंबईत तो उगवतो सातनंतर, दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सूर्यास्तानंतर जवळजवळ तीन तासांनी आपण गाडीत चढतो आणि सूर्य उगवायच्या सुमाराला उतरतो. नवकारसी करणाऱ्याला त्यापुढे आणखी 48 मिनिटं थांबायचं असतं, तेवढ्यात टॅक्सी लेकीच्या दारात पोचते. रात्रीभोजनाचा त्याग पाळणाऱ्या माणसाला या अख्ख्या प्रवासात तोंड हलवायला एक मिनिटसुद्धा नाही. मग हा डबा कुणासाठी?

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरी पाळणारे आणि 'गाडीत चालतं' म्हणणारे जे आहेत, त्यांच्यासाठी. जी बाई स्वतः साडेपाचला जेवून हात धुवून बसली आहे, तीच रात्री दहाला मांडीवर पेपर पसरून पुऱ्या वाढते, चटणी कुणाला पोचली नाही ते बघते आणि मधल्या बर्थवाल्या परक्या माणसाचं "मावशी, बर्थ लावायचा होता" हे ऐकून घेते. त्याचं चुकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा मधला बर्थ लावायचा त्याला हक्क आहे. आपण मात्र त्याला उभा ठेवून लाडू वाटत असतो.

आपण प्रतिक्रमणात कृत, कारित, अनुमोदना म्हणतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मान डोलावणं. मी खात नाही एवढ्यानं मी सुटले, असं आपल्या धर्मात नाही. रात्री दहाला उघडण्यासाठी म्हणून जो डबा मी दुपारी भरला, त्यात माझा वाटा किती, हा प्रश्न जिचा तिनं स्वतःला विचारावा. मी कुणाची न्यायाधीश नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. आपल्या व्रतांत अनर्थदंड विरती नावाचं एक गुणव्रत आहे. प्रयोजन नसताना केलेला आरंभ टाळायचा. विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण अग्नी पेटवणं हे त्यातच येतं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याला प्रमादचर्या म्हटलं आहे. आता सांगा, ज्या प्रवासात जेवणाची वेळच येत नाही त्या प्रवासासाठी दोन दिवस गॅस पेटता ठेवणं, तेलाची कढई, पीठ, भाजणी, भांड्यांचा ढीग, याला प्रयोजन कोणतं? अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळणाऱ्या आपण, हे कसं काय डोळ्याआड करतो?

आता खरा हिशेब. हा मी एकदा वहीत लिहून काढला होता. सहा माणसांच्या एका रात्रीच्या प्रवासासाठी एका घरातली एक बाई काय करते? आदल्या दोन दिवसांत दळण, भाजणं, लाडू, शंकरपाळी, बिनलसणाचं भडंग, दशम्या, दाण्याची चटणी, आणि 'असू दे' म्हणून पुऱ्या. त्यात गेले अकरा तास. बॅगा भरणं तीन तास. यात स्वतःची बॅग धरलेली नाही, कारण ती शेवटी, रिक्षा दारात आल्यावर भरली जाते. घर आवरणं, दूधवाला-पेपरवाला बंद करणं, तुळशीला पाणी घालायला शेजारणीला सांगणं, हे वेगळं. जमेच्या बाजूला काय? 'आईच्या हातच्या दशम्या' एवढं एक वाक्य. आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या घरी धुवायचे चौदा डबे. नावेच्या बाजूला काय काय येतं ते तुम्ही जाणता. दोन रात्रींची अपुरी झोप, सुजलेले पाय, आणि रक्तदाबाची गोळी नेमकी त्याच दिवशी राहिलेली. सुट्टी सगळ्यांची सुरू होते फलाटावर. हिची दोन दिवस आधी कामानं सुरू होते आणि परत आल्यावर धुण्याच्या ढिगात संपते.

हा खर्च इथंच थांबला असता तरी मी लिहायला बसले नसते. आपल्या वयाच्या किती बायका हल्ली म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मी घरीच बरी"? मंदिरात ऐका, भिशीत ऐका. माझ्या ओळखीच्या एक आक्का आहेत, सत्तरीला टेकलेल्या. पाय धड आहेत, डोळे धड आहेत, मुंबईला नातवंडं वाट बघतात. त्या तीन वर्षं गेल्या नाहीत. मुलगा सगळ्यांना सांगतो, "आईला प्रवास झेपत नाही." मी आक्कांना एकटीला गाठून विचारलं. म्हणाल्या, "अगं, गाडीत काय, झोपून जायचं असतं. ती तयारी झेपत नाही बघ." त्यांना प्रवासानं घरी बसवलं नाही, डब्यानं बसवलं. आणि मुलाला ते कळलंही नाही, कारण डबा कसा होतो हे त्यानं कधी बघितलंच नाही. तयार डबा तेवढा बघितला.

यात दोष एकट्या पुरुषांचा नाही, हेही बोलूया. डब्याची प्रतिष्ठा आपणच वाढवली. "त्यांच्या सुनेनं नुसती केळी आणली होती गाडीत," असं कोण बोलतं? आपणच. सहा प्रकार आणणारी सुगरण आणि केळी आणणारी आळशी, हे प्रमाणपत्र आपणच वाटतो. मग नव्या सुना आपल्याबरोबर यायचं टाळतात आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलींना घरच्यांबरोबर फिरायला नको असतं.

आता तुमचे आक्षेप घेते, कारण ते येणारच.

"पोरांना भूक लागते." लागू दे की. पाच-सहा वर्षांच्या पोराला कुणी व्रत दिलेलं नाही. साडेपाचला घरी पोटभर गरम जेवलेलं पोर नऊला गाडीत चढतं आणि सातारा यायच्या आत झोपतं. फारच झालं तर केळी आहेत, दाणे-गूळ आहे. त्याला कढई लागत नाही.

"ह्यांना मधुमेह आहे." मग पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ बसवून घ्या. व्रत औषधाच्या आड आणू नये. त्यांच्या खिशात फुटाण्याची किंवा खाकऱ्याची पुडी असू दे. पण ती पुडी त्यांनी स्वतः भरावी. साखर त्यांची आहे.

"गाडीत सगळ्यांनी मिळून खाण्यात मजा असते." असते, मान्य. मग ती मजा दिवसाच्या गाडीत करा, पोचल्यावर सकाळी करा. आणि ज्यांना रात्रीच करायची आहे त्यांनी ती आपल्या हातानं करून आणावी. मला खात्री आहे, दोन प्रवासांत ही मजा बंद पडेल.

"बाहेरचं आपल्याला चालत नाही, कांदा-लसूण-बटाटा असतो." अगदी खरं. म्हणूनच शिखरजीच्या यात्रेची गोष्ट वेगळी. पारसनाथ स्टेशन झारखंडात, वाटेत दिवस घालवावे लागतात, आणि त्या दिवसांचं जेवण घरचंच हवं. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस असते, त्या बेतानं कोरडं करून न्यावं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी मिळून करावं. माझं भांडण यात्रेच्या शिदोरीशी नाही. सूर्यास्तानंतर चढून सूर्योदयाला उतरायचं, अशा रात्रीच्या डब्याशी आहे.

मग तयारी करायचीच नाही का? करायची की, पण जी खरोखर लागते ती. थंडीतल्या स्लीपरच्या प्रवासात पोटापेक्षा पाठीला जास्त लागतं. एसीच्या डब्यात चादर-ब्लँकेट मिळतं, स्लीपरमध्ये काही मिळत नाही. खिडकीची झडप कितीही ओढली तरी फटीतून वारं येतं आणि ते नेमकं खालच्या बर्थवर, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर येतं. साताऱ्याच्या पुढं पहाटेपर्यंत काय गारठा असतो ते ज्यानं सोसलंय त्याला विचारा. म्हणून माणशी एक जाड सोलापुरी चादर, एक शाल, पायमोजे, कानटोपी. खिडकीच्या फटीला लावायला जुने पेपर. उकळून गार केलेलं पाणी ज्याचं त्याच्या बाटलीत. सकाळच्या गोळ्या हाताशी, पर्समध्ये. बर्थखालच्या बॅगेच्या तळाशी नको. बॅगेला साखळी-कुलूप. एवढंच. रेल्वे स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेऊ देते, पण 40 किलो न्यायलाच पाहिजेत असं कुठं म्हटलेलं नाही. परिग्रहाचं परिमाण आपण करायचं असतं, रेल्वेनं नाही.

एक उपयोगाची गोष्ट. 45 वर्षांवरच्या बायकांसाठी आणि 60 वर्षांवरच्या पुरुषांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पण तो एकट्या प्रवाशाला किंवा एका तिकिटावर दोघंच असतील तेव्हा लागू होतो. घरातली सहाही माणसं एका तिकिटावर घातली की आजीचा तो हक्क जातो, आणि मग गाडीत चढल्यावर "भाऊ, खालचा देता का" अशी विनवणी सुरू होते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत, बायकांना ती निम्मी होती, मार्च 2020 पासून बंद आहे. निदान हा बर्थ तरी घालवू नका. दहा मिनिटांत तिकीट काढणाऱ्यांना सांगा, अकरा मिनिटं घ्या आणि आईचं-बाबांचं वेगळं काढा.

आणि त्या दिवसाचा बेत असा. दुपारी चारला रोजचाच स्वयंपाक लावायचा, वरण-भात, भाकरी, एक भाजी. साडेपाचला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, जे एरवी पाळत नाहीत त्यांनीही. भांडी ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी घासायची. सहाला पाणी पिऊन चौविहार घ्यायचा. मग आरती, थोडं बसणं. ज्याची त्यानं बॅग उचलायची. गाडी आली की अंथरूण घालायचं, नवकार म्हणायचा आणि पाठ टेकायची. ही सोय आपल्या पूर्वजांनी रेल्वे यायच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे. आपण तिच्यावर उगाच पुऱ्या तळत बसलो आहोत.

या सुट्टीत कुणी म्हणालं, "डबा तर हवाच की," तर वाद घालू नका. पिठाचा डबा दाखवा, कढई कुठं असते ते सांगा, आणि स्वतःची बॅग भरायला बसा. तुमची बॅग पहिली भरा. आणि तुमच्या ओळखीत कुणी आक्का "मी घरीच बरी" म्हणत असतील, तर त्यांना फोन करून एवढंच सांगा की फक्त चादर घेऊन यायचं आहे.

जय जिनेंद्र.