दिंडीत परका कोण?

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे. ज्यांना वारी घडली नाही, ते भाविक आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात माथा टेकवीत आहेत. या पुण्यदिनी नवी मुंबईतील भाविक कुटुंबांपुढे एक विचार ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर उभे राहू लागले. आगरी-कोळी बांधवांच्या शेतां-मिठागरांवर वसाहती झाल्या. घाटावरून, कोकणातून, केरळ-पंजाबातून माणसे आली. त्यांना घर मिळाले, नोकरी मिळाली. शेजार मात्र सर्वांनाच मिळाला असे नाही. अशा एकाकी माणसाचे दार प्रथम कोण ठोठावतो?

ख्रिस्ती मंडळ्यांनी यासाठी एक रीत पाडली आहे. परक्याला एकदम उपासनेस न बोलावता, त्याला आवडणाऱ्या गोष्टीभोवती, मग ते गायन असो, खेळ असो वा विणकाम, दहा-बारा जणांचा गट जमवावयाचा. स्नेह आधी, धर्माची गोष्ट मागाहून. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातील तरुण नोकराने आपल्यासारख्याच पोटासाठी शहरात आलेल्या तरुणांना प्रार्थनेसाठी एकत्र केले आणि त्यातून यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन जन्मास आली. पुढे तिच्याच अमेरिकेतील शिक्षकांनी १८९१ साली बास्केटबॉल व १८९५ साली व्हॉलीबॉल हे खेळ निर्माण केले. आज आपली मुले मैदानावर व्हॉलीबॉल खेळतात, तेव्हा त्या खेळाचे मूळ कोणाच्या ध्यानीही नसते.

येथे अनेकांच्या मनात शंका उभी राहील, आणि ती अनाठायी नाही. स्नेह हे जर आमिष असेल, तर तो स्नेहच नव्हे. एकाकीपणाचा लाभ उठवून कोणाची श्रद्धा पालटणे हे कोणत्याही धर्माला शोभणारे नाही. परंतु संशय घेऊन स्वस्थ बसणे हे त्यावरचे उत्तर खासच नव्हे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या कवीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. परक्या वेषातील धर्म मराठी मनाला भिडत नाही, हे त्यांनी जाणले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. त्यांचे मत आपणांस मान्य नसेल. परंतु परक्याला जवळ करताना त्यांना आपल्या संतांचीच वाट धरावी लागली, हे विसरता येत नाही.

ती वाट म्हणजे दिंडी. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात. नवख्याला तेथे कोणी आधी सिद्धान्त सांगत बसत नाही. त्याच्या हाती टाळ येतो, पंगतीत त्याचे पान मांडले जाते, आणि चालता चालता अभंग मुखी बसतो. सर्वांना संबोधन एकच, ‘माउली’.

तरीही आपली दारे सदैव उघडी होती, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणास लावले, तेव्हा कोठे अस्पृश्य मानलेल्या भक्तांसाठी ते दार उघडले.

आज दाराला कुलूप नाही, पण उंबरठा आहे. गावठाणातील मंदिरात भजन रंगते, त्याचा ध्वनी वसाहतीच्या गच्चीपर्यंत पोहोचतो. परंतु वसाहतीतील किती जण तेथे जाऊन टाळ हाती घेतात? आणि गावकरी तरी त्यांना कितीदा बोलावतात? वर्गणीच्या पावतीखेरीज उत्सव मंडळाचा माणूस नवागताच्या दारी जात नसेल, तर अन्य कोणी तेथे गेला म्हणून रोष कशासाठी?

आजपासून चातुर्मास सुरू होतो. या चार महिन्यांत प्रत्येक भजनी मंडळाने आपल्या जिन्यावरील एका तरी अनोळखी कुटुंबास बोलवावे. मुलांना पखवाज-पेटी शिकवावी आणि शिकणाऱ्याची जात, भाषा वा धर्म विचारू नये. त्याने आपल्यासारखे व्हावे, ही अपेक्षाही ठेवू नये. निरपेक्ष प्रेमात स्पर्धा नसते आणि कोणाचे भयही नसते.

कर कटेवर ठेवून विटेवर उभा असलेला तो सावळा परब्रह्म येणाऱ्या प्रत्येकाची वाट पाहतो. त्याच्या भक्तांनी तरी कोणाला परके का मानावे?