पहिला अलंकार : भूषण की व्रणोपचार?

काही दिवसांपूर्वी एक महाविद्यालयीन तरुणी चिकित्सेसाठी आली. नाभीच्या वरच्या कडेला छिद्र करून तिने अलंकार घातला होता. तेथे कंडू, रक्तिमा व स्राव होता. चार महिन्यांत तिने तीन मलमे व एक तैल वापरून पाहिले होते. परंतु अलंकार कोणत्या धातूचा, हा प्रश्न ना वैद्याने विचारला होता, ना औषधविक्रेत्याने. तो सोन्याचा मुलामा दिलेला, हलक्या धातूचा होता. जाणकार व्यक्तीकडून तो बदलून घेताच काही आठवड्यांत कंडू शमला. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपणच विसरलो होतो.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात कर्णव्यध वर्णिला आहे. तेथे छिद्रात प्रथम आभूषण नव्हे, तर कापसाची वर्ती ठेवावयास सांगितली असून दर तिसऱ्या दिवशी ती क्रमाने स्थूल करावयाची आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे : व्रण भरेपर्यंत छिद्रातील वस्तू हा उपचाराचा भाग होय, शोभा नंतर. नाभीचे छिद्र भरून येण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते, म्हणून तेथे हा विवेक अधिकच आवश्यक आहे.

प्रथम अलंकारासाठी रोपणयोग्य दर्जाचे टायटॅनियम, म्हणजे एएसटीएम एफ-१३६ या मानकाचे, सर्वांत निर्धोक मानावे. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव सैलपणे वापरले जाते आणि त्यात निकेल असते. निकेलमुळे होणाऱ्या त्वचाविकारांमुळे युरोपीय संघाने १९९४ सालीच अशा दागिन्यांवर निर्बंध घातले. घरातील वडीलधारी मंडळी बावीस कॅरट सोन्याचा आग्रह धरतात. ते सोने शुद्ध खरे, परंतु मृदू. त्यावर ओरखडे पडतात व त्यांत मळ साचतो. चांदी घामाने काळवंडते. मुलाम्याचे दागिने तर सर्वथा वर्ज्य.

आकारही महत्त्वाचा. वाळीपेक्षा किंचित वक्र दांडी बरी. वाळी सलवारीच्या नाडीत वा साडीच्या निऱ्यांत अडकते. जाडी सुमारे १.६ मिलिमीटर असावी, कारण बारीक तार त्वचा कापत जाते. सूज सामावेल इतकी लांबी ठेवावी, सामान्यतः १० ते ११ मिलिमीटर. लोंबते खडे नकोत. फिरकीचे आटे दांडीच्या आत असावेत. बाहेरचे आटे छिद्रातून ओढताना व्रण खरवडतात.

नाभी हे सद्यःप्राणहर मर्म असल्याने काही वैद्य या प्रथेचा सरसकट निषेध करतात. परंतु छिद्र नाभीत नव्हे, तिच्या वरच्या त्वचेच्या घडीत केले जाते. जिथे अशी घडीच नाही किंवा नाभीचा हर्निया आहे, तिथे मात्र स्पष्ट नकार द्यावा.

आणखी एक मत मांडतो, ते काहींना रुचणार नाही. कर्णपाळीला वारा लागतो. नाभीच्या खळग्यात घाम कोंडतो. तेथे धातूभोवती घट्ट तैल वा हळदीचा लेप थापू नये. निर्जंतुक लवणजलाने धुऊन कोरडे ठेवणे पुरेसे. पू झाल्यास अलंकार घाईने काढू नये. तोंड मिटून पू आत कोंडतो. अशा रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधालयाच्या मालकांना एवढीच विनंती : मलम काउंटरवर ठेवण्यापूर्वी “दागिना कशाचा आहे?” हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्या दिवशी कदाचित एक डबी कमी विकली जाईल. परंतु गिऱ्हाईकाचा विश्वास राहील.