जिद्दीच्या पलीकडे : पेठचे सुवर्ण, करगणीचे रौप्य आणि सायकलिंगचा रिकामा रकाना (थ्रेड)

१/ १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचे वितरण झाले. त्या यादीत सांगली जिल्ह्यातील दोन नावे होती. वाळवा तालुक्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन जीवनगौरव, तर आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांना अर्जुन. पहिल्याचे पदक १९७२ चे, दुसऱ्याचे २०२४ चे. बावन्न वर्षांच्या अंतराने मिळवलेल्या दोन पदकांचा सन्मान एकाच दिवशी व्हावा, यात योगायोगापेक्षा दिरंगाईचा भाग मोठा आहे.

२/ पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले. १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरो येथील दिव्यांगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते आणि चाकाच्या खुर्चीवरून अडथळे चुकवत जाण्याच्या स्लालम शर्यतीतही. भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण, अभिनव बिंद्राचे, त्यानंतर ३६ वर्षांनी मिळाले.

३/ जाता जाता एक गोष्ट. त्या वर्षीचे ऑलिम्पिक म्युनिकला होते. मग पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का? म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर लगेच खासगी घरांसाठी द्यायचे ठरले होते. दिव्यांग खेळाडूंसाठी जागा उरली नाही आणि त्यांचा मेळा विद्यापीठाच्या गावी भरला. ‘सोय नाही’ हे उत्तर केवळ आपल्याकडचे नव्हे.

४/ पेटकरांची कथा सांगताना आपल्याकडे एक शब्द हमखास येतो : जिद्द. ती त्यांच्यात होती, यात शंका नाही. परंतु या शब्दाने इतिहासाचे नुकसानही केले आहे. त्यांच्यामागे लष्करी रुग्णालय होते. परदेशवारीसाठी माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य होते. पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. या तीन गोष्टी वगळल्या तर जिद्द शिल्लक राहते, कारकीर्द राहत नाही. आणि ज्या व्यवस्थेने १९८२ साली त्यांची अर्जुन पुरस्काराची मागणी फेटाळली, तिला ‘जिद्दीने मात केली’ हे वाक्य फार सोयीचे पडते. मात कोणावर केली, हे मग कोणी विचारत नाही.

५/ आता सचिन खिलारी. आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा जिल्ह्याच्या पूर्वेचा दुष्काळी पट्टा. शाळकरी वयात सायकलवरून पडल्याने सचिन यांच्या डाव्या हाताला इजा झाली, पुढे गँग्रीन झाले आणि तो हात कायमचा दुबळा राहिला. ते यंत्र अभियंता झाले. आधी भालाफेक करीत. खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळले. २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोनदा ते विश्वविजेते ठरले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेकीसह त्यांनी रौप्य मिळवले. कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टची सुवर्णफेक होती १६.३८ मीटर. अंतर अवघे सहा सेंटिमीटर.

६/ ज्या वाहनावरून पडून हा प्रवास सुरू झाला, त्या वाहनाच्या खेळात मात्र महाराष्ट्राचा पॅरा इतिहास नुकताच उघडला आहे. पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग १९८४ पासून आहे. भारताचे सायकलपटू तेथे पहिल्यांदा उतरले ते थेट २०२४ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. ते दोघे होते : आंध्र प्रदेशचे अर्शद शेख आणि भंडारा जिल्ह्याच्या ज्योती गडेरिया. ज्योती यांनी अपघातात पाय गमावला, त्यानंतर त्या या खेळात आल्या. पॅरिसमध्ये दोघांनाही पदक मिळाले नाही. त्यामुळे वर्तमानपत्रांत त्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळाली नाही.

७/ या खेळाची गणिते थोडी समजून घ्यावीत. दोन चाकांची सायकल चालवणाऱ्यांचे सी-१ ते सी-५ असे वर्ग असतात. आकडा लहान तेवढी शारीरिक मर्यादा अधिक. हाताने पॅडल फिरवणाऱ्यांचा वर्ग एच, तीनचाकीवाल्यांचा टी, तर दृष्टिहीनांचा बी; ते डोळस साथीदाराच्या मागे बसून दोघांची सायकल चालवतात. वेगवेगळे वर्ग एकत्र धावले तर वेळेला ठरावीक गुणक लावला जातो. म्हणजे घड्याळावर मागे दिसणारा स्पर्धक निकालात पुढे असू शकतो.

८/ पॅरिसमध्ये भारताची २९ पदके. त्यांपैकी १७ मैदानी खेळांतली, सायकलिंगचे शून्य. हा फरक अंगातल्या ताकदीचा नाही, साधनांचा आहे. गोळाफेकीला एक गोळा, एक वर्तुळ आणि जाणता प्रशिक्षक पुरतो. गावच्या शाळेच्या मैदानावरही ते जमू शकते. ट्रॅक सायकलिंगला उताराची बांधीव धावपट्टी म्हणजे व्हेलोड्रोम लागतो, महागडी सायकल लागते आणि पाय नसेल तर पॅडलशी जुळणारा कृत्रिम पाय लागतो. रस्त्यावर सराव करावा तर कवठे महांकाळसारख्या भागात ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या रांगांतून वाट काढताना दोन्ही पाय धड असलेल्यांचाही जीव मेटाकुटीला येतो.

९/ यावर एक आक्षेप ठरलेला आहे : ज्या तालुक्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकर आले, तेथे व्हेलोड्रोमची भाषा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण चुकीच्या मागणीवरचा आहे. तालुक्याला व्हेलोड्रोम कोणी मागितलेला नाही. तो पुण्यात बालेवाडीला आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली उभे राहिलेले कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच, वानवडीत आहे. हवी आहे ती वाट : जिल्हा रुग्णालयात पाय गमावलेल्या मुलापासून वानवडीपर्यंत आणि वानवडीपासून बालेवाडीपर्यंत. प्रवासखर्च, वसतिगृहातील एक खाट आणि मोजमापाला बसणारी सायकल, एवढा तो मामला.

१०/ पेटकरांना ही वाट सैन्याने दिली, कारण ते सैनिक होते. खिलारी यांनी ती शिक्षण आणि प्रशिक्षक यांच्या बळावर शोधली. शाळेतून घरी येताना सायकलवरून पडणाऱ्या मुलीसाठी ती आज कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या टेबलावर सुरू होते, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी एका पानावर छापून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लावावे.