छोट्या लाल बाणाचा देश

सुट्टीवरून परत आलेल्या माणसाला हल्ली ऑफिसात 'काय काय पाहिलंस?' असं कुणी विचारत नाही. फोटो सगळ्यांनी आधीच पाहिलेले असतात. सात रात्री आठ दिवस, एसी बस, खिडकीतून डोंगर, संध्याकाळी गरमागरम वरणभात. मस्तच! पण बसच्या खिडकीतून दिसणारा देश आणि टीव्हीवरचा देश यांत तसा फार फरक नसतो, बॉस. समोरचं चित्र तेवढं बदलतं, आपल्याला काहीच करावं लागत नाही.

एखादा देश खरोखर कळून घ्यायचा तर गाडी भाड्याने घ्यावी आणि स्टिअरिंग आपल्या हातात ठेवावं. कारण मग तुम्ही प्रेक्षक राहत नाही. तिथल्या माणसाला तुमच्यासाठी थांबावं लागतं, तुम्हाला त्याच्यासाठी. रस्ता ही अशी जागा आहे की अनोळखी माणसं एकमेकांशी कशी वागतात ते तिथे लपवता येत नाही.

सुरुवात कुठून?

पहिल्यांदाच परदेशात गाडी चालवणार असाल, तर न्यूझीलंडचा साउथ आयलंड घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. तुमचं पक्कं लायसन्स इंग्रजीत असेल, तर पर्यटक म्हणून ते तिथे चालतं. फक्त ते मूळ कार्ड गाडी चालवताना जवळ हवं, मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

रूट सुचवायचा तर एकच सुचवेन. क्राइस्टचर्चहून स्टेट हायवे ७३ धरा, सदर्न आल्प्स ओलांडून आर्थर्स पासमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरा. तिथून स्टेट हायवे ६ ने दक्षिणेला होकिटिका, फ्रान्झ जोसेफ, फॉक्स ग्लेशियर, हास्ट. मग हास्ट पास चढून वानाका आणि क्वीन्सटाउन. या वेस्ट कोस्ट विभागाची सगळी लोकसंख्या मिळून ३५ हजारांच्या आतली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या टाउनशिपएवढी माणसं, आणि ती पसरलीत शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर! पावसाचं म्हणाल तर होकिटिकाला वर्षाला मुंबईपेक्षाही जास्त पाऊस पडतो. तोसुद्धा चार महिन्यांत उरकून न टाकता बाराही महिने थोडा थोडा. छत्रीपेक्षा जॅकेट बरं.

आधी तू, मग मी

माणसं कमी आणि नद्या भरपूर, त्यामुळे या रस्त्यावर पूल पुष्कळ आणि त्यातले बरेचसे एकाच गाडीपुरते रुंद. त्यांना वन लेन ब्रिज म्हणतात. पुलाच्या तोंडाशी पाटी असते. गोल पाटीवर लाल कड, आत एक मोठा काळा बाण आणि एक छोटा लाल बाण. छोटा लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि त्यावर तुमच्या दिशेला मोठा पांढरा बाण असेल तर पहिला हक्क तुमचा. पण कुणी आधीच पुलावर आलेलं असेल तर हक्क वगैरे विसरून त्याला बाहेर पडू द्यायचं.

बस्स, एवढंच. सिग्नल नाही, हवालदार नाही, कॅमेरा नाही. आजूबाजूला रान, खाली करड्या पाण्याची नदी आणि समोरून येणारी एखादीच गाडी. तरी माणूस थांबतो. पलीकडचा जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो, हे त्याचं थँक्यू. तुम्हीही बोट वर करायचं. बघता बघता सवय होऊन जाते.

हास्ट नदीवरचा पूल तर ७३७ मीटर लांबीचा आहे, न्यूझीलंडमधला सगळ्यात लांब वन लेन ब्रिज. पाऊण किलोमीटरचा पूल आणि रुंदी एका गाडीची! म्हणून मध्ये मध्ये बाजूला होण्यासाठी जागा केल्या आहेत. समोरून कोणी आलं तर कोण कुठे सरकणार, हे दोन अनोळखी ड्रायव्हरांनी काचेतूनच एकमेकांना सांगायचं असतं.

आणि याहून भारी गोष्ट म्हणजे तारामाकाऊ नदीवरचा जुना पूल. २०१८पर्यंत त्या एकाच अरुंद पुलावरून मोटारीही जायच्या आणि ट्रेनही! मोटारवाल्यांनी रुळांवरूनच जायचं आणि ट्रेन आली की थांबायचं. २०१८मध्ये मोटारींसाठी शेजारी नवा, दुपदरी पूल झाला.

पूल वाहून जातो तेव्हा

या रस्त्यावर पूल म्हणजे काय, ते २०१९ साली कळलं. २६ मार्चला प्रचंड पावसात फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल अख्खाच्या अख्खा वाहून गेला. हायवे एकच आणि तोच तुटला. नदीच्या एका काठाच्या माणसाला दुसऱ्या काठावर मोटारीने जायचं तर डोंगररांगेला मोठा वळसा. शाळा, दुकान, हॉटेलातल्या नोकऱ्या, सगळंच अडलं. लष्कर आणि रस्तेखात्याच्या लोकांनी मिळून १८ दिवसांत नवा बेली ब्रिज उभा केला. दुसऱ्या महायुद्धात शोधलेली ही तयार भाग जोडत जाण्याची पद्धत. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरचा पादचारी पूल आपल्या लष्कराने २०१८मध्ये याच पद्धतीने बांधला.

हे माहीत असलं की त्या पुलावर गाडी घालताना जरा वेगळं वाटतं. आपण सीनरी म्हणून ज्याचा फोटो काढतोय, तो कुणाचा तरी दूध, पोस्ट आणि डॉक्टर येण्याचा एकुलता एक रस्ता आहे.

पाहुण्यांवर राग का?

आता थोडं कडू बोलू. २०१४-१५च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये परदेशी ड्रायव्हरांच्या अपघातांवरून बराच गदारोळ झाला. या अपघातांत स्थानिक माणसंही गेली होती. लोक इतके वैतागले, की रस्त्यात वेडीवाकडी गाडी चालवणाऱ्या पर्यटकांना अडवून काहींनी सरळ किल्लीच काढून घेतली. कायदा हातात घेणं चूकच. पण राग कशाचा होता ते समजून घ्या. पाहुणा लांबचा विमानप्रवास करून उतरतो, झोप झालेली नसते, तरी तसाच गाडीत बसतो. फोटोसाठी वळणावरच ब्रेक मारतो. ५० किलोमीटर तासाला अशी रमतगमत गाडी हाकतो आणि मागे दहा गाड्यांची रांग लागली तरी बाजूला होत नाही.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या करा. विमानातून उतरल्यावर पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच झोपून काढा. तिथलं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे असतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. शरीराला ते कळायला वेळ लागतो. आणि मागे गाड्या साठल्या तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, त्यांना पुढे जाऊ द्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ही मर्यादा आहे, टार्गेट नव्हे. पण हळू जायचं तर इतरांना अडवू नका, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

नियम बदलायचीही त्यांची एक पद्धत आहे. १९७७पासून तिथे एक विचित्र नियम होता. डावीकडे वळणाऱ्याने समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. जगाच्या उलट. २५ मार्च २०१२च्या रविवारी तो नियम बदलला आणि पस्तीस वर्षांची सवय लोकांनी सोडली. एका दिवसात अख्ख्या देशाने चौकातला हक्क बदलायचा, ही कल्पना करून बघा. आपल्या नाक्यावर!

पक्ष्यांपासून सावधान

आर्थर्स पासला चहा-कॉफीसाठी थांबलात तर गाडीकडे लक्ष असू द्या. तिथला केआ हा डोंगरात राहणारा पोपट भयंकर हुशार आणि तितकाच उपद्व्यापी. खिडकीभोवतीचं रबर, वायपर, एरियल, जे सुटेल ते चोचीने उपसायला त्याला आवडतं. हसू येतं, पण गाडी भाड्याची आहे! त्याला खायला अजिबात घालू नका. खाण्याच्या नादाने केआ रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. माणसांपेक्षा तेच इथले जुने रहिवासी आहेत.

गाडी ताब्यात घेताना

एग्रीमेंट वाचा. कंटाळा आला तरी वाचा. त्यात 'एक्सेस' असा शब्द असतो. नुकसान झालं तर त्या रकमेपर्यंतचा खर्च तुमच्या खिशातून, त्यावरचा इन्शुरन्सचा. रोज थोडे पैसे जास्त भरून ही रक्कम कमी करता येते. तेवढी रक्कम किंवा तिचा काही भाग क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, म्हणून लिमिट आधीच तपासा; कार्डही मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांचीही नावं कागदावर हवीत.

गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे नोंदवून घ्या. कुठल्या रस्त्यांवर इन्शुरन्स चालत नाही तेही विचारा. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड असाच आहे, बहुतेक कंपन्या तिथे जाऊच देत नाहीत. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरा, कारण पुढचा पंप कधी येईल याचा नेम नसतो. काही टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. आपल्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. इमर्जन्सी नंबर १११.

आणि रोज किती किलोमीटर जायचं, हे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या हिशेबाने ठरवू नका. हास्टहून वानाका जेमतेम दीडशे किलोमीटर आहे. कागदावर दोन तास. धबधबे, पूल, पाऊस आणि समोरच्याला दिलेली वाट धरून अर्धा दिवस ठेवा. वेळ हातात असला की छोटा लाल बाण दिसला तरी चिडायला होत नाही. थांबता येतं. समोरची गाडी जाते, बोट वर होतं, मग तुम्ही निघायचं.