प्रोजेक्ट मध्येच बंद झालं, फ्रीलान्सरला नोटीस पे मिळतो का?

२१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार नवे लेबर कोड लागू झाले आणि 'काम सुटलं की दोन दिवसांत पूर्ण हिशोब' हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं. वाक्य खरं आहे, पण ते नोकरदारांसाठी आहे. वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. घरी बसून तीन क्लाएंट सांभाळणारा ॲप डेव्हलपर किंवा डिझायनर त्यात बसत नाही. माझे बरेच मित्र फ्रीलान्सिंग करतात, म्हणून हा फरक नीट समजून घेऊया.

कायद्यात काय आहे?

किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. हे औद्योगिक संबंध संहितेत आहे. फ्रीलान्सर मात्र कायद्याच्या नजरेत सेवा विकणारा व्यावसायिक. 'गिग वर्कर' हा शब्द सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, पण तिथे विमा, आरोग्य अशा योजनांची सोय आहे. नोटीस पे तिथेही नाही. म्हणजे काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय, तेवढाच तुमचा नोटीस पिरियड.

एक उदाहरण

महिना ६०,००० रुपये, सहा महिन्यांचं काम. तिसऱ्या महिन्याच्या १० तारखेला क्लाएंटचा मेसेज येतो, 'आजपासून थांबा.'

१. काँट्रॅक्टमध्ये ३० दिवसांची नोटीस किंवा तेवढी फी असं लिहिलंय : १० दिवसांचे २०,००० आणि वर नोटीसचे ६०,००० मागता येतात.

२. 'कधीही, विनानोटीस थांबवता येईल' असं लिहिलंय : फक्त २०,०००.

३. मुदत सहा महिने, पण मध्येच थांबवण्याबद्दल काहीच नाही : हा करारभंग ठरू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसानभरपाई मागता येते. पण नुकसान तुम्हाला सिद्ध करावं लागतं आणि दुसरं काम शोधायचा प्रयत्न केला का, हेही पाहिलं जातं.

झालेल्या कामाचे पैसे मात्र तिन्ही बाबतीत तुमचेच.

ते पैसे अडकले तर?

इथे कायदा तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी फुकट होते, सेवा देणाऱ्यांचीही. नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार भारतातल्या क्लाएंटने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायला हवेत, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. फक्त नोंदणी काम सुरू करण्याआधी करून ठेवा. भांडण झाल्यावर केलेली नोंदणी उपयोगी पडेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट. कागदावर 'कन्सल्टंट', पण रोज ठरलेल्या वेळी लॉगिन, रजेला मंजुरी, दुसरं काम घ्यायला बंदी, असं असेल तर वकिलाला जरूर दाखवा. कामावर प्रत्यक्षात ताबा कोणाचा, हे पाहायचं असतं, असं सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्येच धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागर कामगारांच्या खटल्यात सांगितलं होतं.

काम घेण्याआधी या चार ओळी टाका

• दोन्ही बाजूंना ३० दिवसांची लेखी नोटीस, नाहीतर तेवढ्या दिवसांची फी.
• मध्येच थांबलं तर त्या तारखेपर्यंतच्या कामाचं बिल.
• बिल किती दिवसांत भरायचं.
• कोडचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच क्लाएंटकडे जातील.

चौथी ओळ सोडू नका. वेगळा करार नसेल तर फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. पण क्लाएंटच्या तयार फॉरमॅटमध्ये 'सगळे हक्क आजपासून आमचे' असं असतं आणि आपण न वाचता सही करतो.

स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल. अटी ईमेलवर पाठवा आणि समोरून 'मान्य' असं उत्तर घ्या. आयटी कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक करार ग्राह्य असतो. नोटीसचं विचारल्यावर क्लाएंट नाराज होईल अशी भीती वाटते, ठीक आहे. पण ३० दिवसांची हमी द्यायला जो पहिल्या दिवशीच तयार नाही, तो शेवटच्या दिवशी कसा वागेल, याचा अंदाज तुम्हाला तिथेच येतो.