'हॅव'चे मराठी

प्रथम वर्षाच्या वह्या तपासताना एका निबंधात वाक्य आढळले : 'माझ्याकडे एक बहीण आहे.' सवयीने लाल रेघ ओढली आणि मग प्रश्न पडला, चूक त्या विद्यार्थिनीची की आम्हा शिकवणाऱ्यांची? 'हॅव म्हणजे जवळ असणे' हे समीकरण आपणच शाळेपासून पाठ करून घेतलेले असते.

वस्तुतः मराठीत 'हॅव'ला समानार्थी क्रियापदच नाही. आपण 'असणे'वरच भागवतो आणि संबंधाचा प्रकार विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखवतो. छत्री 'माझ्याजवळ' असते, बहीण 'मला' असते, ताप 'मला' असतो, धैर्य 'अंगी' असते. 'माझ्याकडे दोन मुले आहेत' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा सहज विचारील, 'कोणाची?' इंग्रजीत मात्र छत्री, बहीण आणि ताप या तिघांवर कर्त्याचे सारखेच स्वामित्व. या क्रियापदाचे मूळही 'पकडणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. लॅटिनमधील 'कापेरे' हे त्याचे सगोत्र. दिसायला जवळचे वाटणारे 'हाबेरे' मात्र नव्हे.

सहायक क्रियापद म्हणून त्याचा प्रवास अधिक रंजक आहे. 'माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे' अशा आशयाच्या जुन्या रचनेतून इंग्रजीचा पूर्णकाळ घडला. 'मी पत्र लिहिले आहे' असे म्हणताना मराठी तेथेही 'असणे'च योजते आणि क्रियापद 'मी'शी नव्हे, तर 'पत्रा'शी जुळवते. पुढे 'टू' जोडले की 'हॅव' सक्ती सांगते. तेव्हा मराठीत 'लागणे' येते : मला जावे लागते. चहाच्या बाबतीत ते 'घेणे' होते, आणि घर दुसऱ्याकडून रंगवायचे असेल तर 'रंगवून घेणे'.

एवढे अर्थ एका प्रतिशब्दात कोंबणे हे अध्यापन नव्हे. क्रियापद वाक्यांतून, उपयोगांतून शिकवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाषा बदलतेच, त्याविषयी तक्रार नाही. परंतु माणूस आणि वस्तू यांच्याशी असलेल्या नात्यांतला जो भेद मराठीने व्याकरणातच जपला आहे, तो केवळ आपल्या आळसापायी पुसला जावा, हे मान्य होण्यासारखे नाही.

ती लाल रेघ मी तशीच ठेवली. शेजारी फक्त 'मला' असे लिहिले, आणि पुढचा तास त्या एका वाक्यावर घेतला.