आकडेमोड : नऊ एकांचा डोंगर

यंदाचा आकडा लांबलचक आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. एकावरून चढतो, नवावर टेकतो आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो. हा नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डेम्लो हे मुंबईपासून तीसेक मैलांवरचं, जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन. कल्पना तिथे सुचली, म्हणून नाव स्टेशनाचं!

इथली मुलं याला ‘बारा क्वाड्रिलियन आणि काहीतरी’ म्हणतात. ‘लीलावती’तल्या क्रमाने एकं, दहं, शतं करत गेलात तर हा सतराव्या, ‘मध्य’ या स्थानावर पोचतो. ‘परार्ध’ एक पायरी वर.

माझ्या लेकीने हा गुणाकार लॅपटॉपवरच्या तक्त्यात करून पाहिला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. “आई, तुझं पुस्तक चुकलंय.” कॉम्प्युटर चुकेल हे तिच्या मनातही येईना. मी सहा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई. इथे व्हिसामुळे घरी असले तरी हे सोडून देणं शक्य नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, “विषम गुणिले विषम, सम येईल का गं?”

ती थबकली. मग नवाचा ताळा शिकवला. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे नऊने भाग जातो. मग वर्गालाही जायलाच हवा. पुस्तकातल्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१. जातो. लॅपटॉपच्या उत्तराची ७८. जात नाही! त्या तक्त्याला पंधराच अंक नीट सांभाळता येतात. पुढे त्याने शून्यं लावली, आणि तसं सांगितलंही नाही. बँकेचा किंवा पार्सलचा सोळा आकडी नंबर त्यात टाकणाऱ्यांनी शेवटचा अंक एकदा तपासावा.

मग तिला चटकच लागली. १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७, हे तिने कागदावर काढलं. आपल्या डोंगराला ८१ ने गुणलं की येतात ९९९९९९९९८००००००००१, पूर्ण अठरा अंक, थेट परार्धावर. याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज करा : ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. आणि मूळ संख्या याच नऊ नवांचा वर्ग आहे. वर्गाचे तुकडे जोडून पुन्हा मूळ संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात.

आता घरचा अभ्यास, आजी-आजोबांनाही. दहा एकांचा वर्ग चौकटीच्या वहीत, हाताने करा. मधल्या रकान्यात बेरीज दहा होते, हातचा येतो आणि डोंगर ढासळतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ कुठे गेला, ते मुलांना शोधू द्या.